बापूंचं अ‍ॅप्रेझल

हिंजवडीत ऋतू चार. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि अ‍ॅप्रेझल. पहिल्या तिघांचं आपण फारसं मनावर घेत नाही, कारण ऑफिसातला एसी बारा महिने एकाच टेंपरेचरला असतो. चौथा मात्र अंगात मुरतो. कॅन्टीनमध्ये रोज दोन समोसे हाणणारा माणूस एकाएकी सॅलड खायला लागला, किंवा आजवर कधी ‘गुड मॉर्निंग’ न म्हणणारा तुमच्यासाठी लिफ्ट धरून उभा राहिला, की समजायचं, फॉर्म उघडलेत!

यंदा मी पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडे आहे. म्हणजे टीम लीड. सात जणांची टीम, सात फॉर्म आणि वरून आलेला तो सुप्रसिद्ध बेल कर्व्ह. सातांत एक ‘अप्रतिम’ हवा आणि एक ‘सुधारणेला वाव’. वाव हा शब्द ऐकायला किती गोड आहे ना? पण माणसाचं इन्क्रिमेंट त्या वावातच कुठेतरी गडप होतं.

तो वाव कोणाला द्यायचा हे मी पाच मिनिटांत ठरवलं होतं. ठरवायचं काय त्यात, डॅशबोर्डवर दिसतच होतं. आमचं काम प्रॉडक्शन सपोर्टचं. क्लायंटकडून तिकिटं येतात, ती आपण बंद करायची. कोणी किती बंद केली त्याचा आकडा नावापुढे झळकतो. बाकी सहा जणांचे आकडे चांगले गुटगुटीत, आणि एकाचा अगदी मरतुकडा. हा मुलगा बोलत नाही, मीटिंगमध्ये कॅमेरा लावत नाही, पार्टीला आला तर कोपऱ्यात बसून पनीर टिक्का खाऊन जातो. टीममध्ये त्याला सगळे मौनीबाबा म्हणतात. मौनीबाबाच्या फॉर्ममध्ये मी ‘वाव’ टाकला, सेव्ह केलं आणि चहाला खाली उतरले.

आता इथे बास्केटबॉल येतो. थांबा, पान उलटू नका.

आमच्या टपरीवर दोन पार्टनर आहेत. एक लंबू. सहा फूट दोन इंच, कॉलेजच्या टीममध्ये सेंटर खेळलेला, अजूनही संध्याकाळी कॅम्पसच्या कोर्टवर एकटाच बॉल आपटत असतो. दुसरा डेटावाला. त्याला तुम्ही ‘आज गरम होतंय’ म्हणालात तर तो ‘कशाच्या तुलनेत?’ असं विचारतो. त्या दिवशी लंबूने सहज म्हणून विल्ट चेंबरलेनचं नाव काढलं. २४ नोव्हेंबर १९६०. एका मॅचमध्ये ५५ रिबाउंड. आजही तो एनबीएचा रेकॉर्ड आहे आणि तो कोणी मोडेल असं लंबूला वाटत नाही. ज्यांना रिबाउंड म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बास्केटच्या दिशेने फेकलेला बॉल आत न जाता उडून बाहेर आला की तो जो पकडतो, त्याच्या खात्यावर एक रिबाउंड. मला आजवर ‘रिबाउंड’ म्हणजे ब्रेकअपनंतर लगेच जुळलेलं प्रकरण एवढंच माहीत होतं.

डेटावाल्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, ‘चुकले किती होते?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे बॉल बाहेर आले किती? पकडायला मिळाले किती?’

आणि मग त्याने फोनवर उघडून दाखवलं. १९६१-६२ चा सीझन. विल्टची सरासरी मॅचला २५.७ रिबाउंड. पण त्या काळी गडी नुसते पळत सुटायचे. दोन्ही टीम मिळून एका मॅचमध्ये दोनशेच्या वर शॉट मारायच्या आणि त्यातले निम्म्याहून जास्त चुकायचे. एकेका टीमच्या वाट्याला सरासरी सत्तरेक रिबाउंड यायचे. आता तीस वर्षं पुढे या, १९९१-९२. डेनिस रॉडमन, केस दर आठवड्याला वेगळ्या रंगात रंगवण्याचं वेड पुढे लागलेला तोच. त्याची सरासरी १८.७. विल्टपेक्षा सातने कमी! पण तोवर खेळ संथ झालेला, नेम सुधारलेले, आणि एका टीमला मिळायचे चव्वेचाळीसच्या आसपास. म्हणजे विल्ट शंभरातले छत्तीस घेत होता आणि रॉडमन बेचाळीस. शिवाय विल्ट त्या वर्षी जवळपास प्रत्येक मॅचमध्ये पूर्ण वेळ मैदानावर होता, रॉडमन चाळीसेक मिनिटं.

लंबूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. देवघरातला फोटो कोणी तिरका करावा तसा.

पण लंबूही हार मानणारा नाही. तो म्हणाला, अरे पण त्याच मैदानात, त्याच वेगात, बाकीचेही खेळत होतेच की! मग त्यांना का नाही मिळाले? बिल रसेल हा डिफेन्सचा देव मानतात, त्याच्याशी समोरासमोर खेळतानाही सरासरी रिबाउंड विल्टचेच जास्त. हे ऐकून डेटावाला गप्प बसला, जे वर्षातून एकदाच होतं. मग हळूच म्हणाला, ‘ते ५५ वालं रसेलच्याच टीमविरुद्ध होतं ना? मॅच कोण जिंकलं?’

मॅच बॉस्टन जिंकलं होतं. १३२-१२९. रसेल.

मी ग्लास ठेवला आणि वर आले. पण डोक्यात ‘मॅच कोण जिंकलं’ हे वाक्य अडकून बसलं. कारण हा प्रश्न मी आयुष्यात एका माणसाला शंभर वेळा विचारलाय. आमच्या बाबांना.

बाबा नाशिकचे. आणि नाशिकच्या त्या पिढीतल्या माणसाला तुम्ही क्रिकेट म्हणालात की तो बापू म्हणतो. रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, जन्म नाशिक, ४ एप्रिल १९३३. डावखुरे स्पिनर. पुणे विद्यापीठाकडून खेळले, मग महाराष्ट्राकडून रणजी, मग मुंबई. आणि १२ जानेवारी १९६४ या दिवशी मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ २१ ओव्हर मेडन टाकल्या. १३१ बॉल, एकही रन नाही. त्या इनिंगचं पृथक्करण ३२-२७-५-०. बत्तीस ओव्हरमध्ये पाच रन! बाबा तेव्हा बारा वर्षांचे. संक्रांत दोन दिवसांवर, रविवार, आणि गल्लीतली पोरं पतंग सोडून शेजारच्यांच्या रेडिओभोवती बसलेली. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की त्या रेडिओच्या कापडाचा रंगही मला पाठ आहे.

आणि ही गोष्ट नुसती गोष्ट म्हणून आली असती तर काही नव्हतं हो. ती यायची उपदेश म्हणून! दहावीला गणितात कमी पडले, ‘बापूंनी एकवीस मेडन टाकल्या, तुला एक तास बसवत नाही?’ पहिली नोकरी सहा महिन्यांत सोडली, ‘एकवीस ओव्हर, एकाच टप्प्यावर!’ नेटमध्ये पिचवर नाणं ठेवून त्यावर बॉल टाकायचा सराव करायचे बापू, तो किस्सा तर मला आमटीसोबत भरवलाय. आणि मी वैतागून दर वेळी एकच उत्तर द्यायची, ‘बाबा, मॅच ड्रॉ झाली होती. विकेट शून्य.’

बाबा म्हणायचे, ‘तुला नाही कळायचं.’

त्या संध्याकाळी सात दहाला कंपनीची बस निघाली आणि सात पस्तीसला भूमकर चौकाच्या अलीकडे मेली. हिंजवडीकरांना वेगळं सांगायला नको, या ठिकाणी माणसाला चिंतनासाठी जेवढा वेळ मिळतो तेवढा हिमालयातही मिळत नसेल. मी फोन काढला आणि ठरवलं, आज बापूंचं अ‍ॅप्रेझल करून टाकू. डेटावाल्याच्या पद्धतीने. आणि बाबांना एकदाचं आकड्यांत सिद्ध करून दाखवू की तुमचा हिरो म्हणजे मॅचला काही उपयोग नसलेला कंजूष माणूस.

सुरुवात माझ्या बाजूने मस्त झाली. मद्रासची ती टेस्ट ड्रॉ. नुसती तीच नाही, त्या सीरिजच्या पाचही टेस्ट ड्रॉ! त्याआधी १९६०-६१ ला पाकिस्तान आलं होतं, तेव्हाही बापूंचे आकडे डोळे पांढरे करणारे. कानपूरला ३२-२४-२३-०, दिल्लीला ३४-२४-२४-१. आणि त्याही सीरिजच्या पाचही टेस्ट ड्रॉ. म्हणजे तो काळच ‘हरलो नाही ना, मग बास’ असा होता. विल्टच्या काळात जसे सगळे धावत सुटलेले, तसे इथे सगळे बसलेले. मद्रासला समोर होते ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. एकाने ८८ केल्या, दुसऱ्याने ८०, आणि बापूंना कोणीही हात लावला नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, मेडन ओव्हर एकट्याने टाकता येत नाही. समोरच्याने ती खेळून काढायला तयार असावं लागतं. विल्टला जसे चुकणारे लागतात, तसे बापूंना अडवणारे. आजच्या एखाद्या पोराला आणून उभं केलं असतं तर त्याने तिसऱ्या बॉलला पुढे येऊन दिला असता नाहीतर स्टंप झाला असता. दोन्हीपैकी काहीही झालं असतं तरी २१ मेडन झाल्या नसत्या.

मग मी करिअरचे आकडे उघडले. ४१ टेस्ट, ८८ विकेट. एका ओव्हरला १.६७ रन. जबरदस्त. पण एका विकेटसाठी १०४ बॉल! म्हणजे सतरा ओव्हर टाकायच्या तेव्हा कुठे एक जण आऊट. चंद्रशेखर ६६ बॉलला एक काढायचे, प्रसन्ना ७६, बेदी ८०. पाच दिवसांच्या मॅचमध्ये वीस विकेट काढायच्या असतात, त्या सतरा-सतरा ओव्हरच्या हिशोबाने काढत बसलात तर पुढची टीम विमानतळावर उतरलेली असेल. मी खूश. बस तीन मीटर पुढे सरकली. शेजारच्या बाईने माझ्या फोनमध्ये डोकावून पाहिलं, तिला वाटलं असणार मी फँटसी लीग लावतेय.

आणि मग माझी नजर अ‍ॅव्हरेजवर गेली. अ‍ॅव्हरेज म्हणजे एक विकेट घेण्यासाठी किती रन मोजले. बापू २९.०७.

चंद्रशेखर २९.७४. प्रसन्ना ३०.३८.

मी दोनदा पाहिलं. आपली ती सुप्रसिद्ध स्पिनची चौकडी, जिच्यावर पुस्तकं निघाली, लेख निघाले, त्यातल्या दोघांपेक्षा बापूंना एक विकेट स्वस्तात पडत होती. बेदी २८.७१, तेवढेच काय ते किंचित पुढे. चौथे वेंकटराघवन ३६ च्या वर. म्हणजे वेळ जास्त घेतला, पण खर्च सगळ्यांएवढाच किंवा कमी. मी आजवर फक्त ‘किती वेळात’ विचारत होते, ‘किती पैशांत’ विचारलंच नव्हतं. सपोर्टमधल्या मुलीने ही चूक करावी म्हणजे कमाल आहे, आम्ही दिवसभर क्लायंटला तेच तर समजावत असतो.

म्हणजे आता प्रश्न उरला तो मॅच जिंकण्याचा. मग मी एकेक स्कोअरकार्ड उघडत गेले. वाकडच्या पुलावर पोहोचेपर्यंत माझ्या सगळ्या युक्तिवादाचं पार पीठ झालं होतं.

ऑक्टोबर १९६४. तेच मद्रास, तेच कॉर्पोरेशन स्टेडियम, त्या प्रसिद्ध मेडनना नऊ महिने झालेले. समोर ऑस्ट्रेलिया. पहिल्या इनिंगमध्ये ३१ रनमध्ये ५ विकेट, दुसऱ्यात ९१ मध्ये ६. एका टेस्टमध्ये अकरा! आपण ती मॅच १३९ रननी हरलो, तो भाग वेगळा, पण त्यात बॉलरने अजून काय करायचं? पुढची टेस्ट मुंबईत, ब्रेबॉर्नवर. दुसऱ्या इनिंगमध्ये बापू ३३ मध्ये ४, दुसऱ्या टोकाला तरुण चंद्रशेखर ७३ मध्ये ४. ती मॅच आपण दोन विकेटने जिंकलो. शेवटी पिचवर टिकून होते पुण्याचे चंदू बोर्डे, आणि तो दिवस दसऱ्याचा होता. यापेक्षा चांगलं सोनं लुटलं गेल्याचं मला तरी आठवत नाही.

त्याआधी, १९६० च्या जानेवारीत, रिची बेनॉच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईत १०५ मध्ये ६. आणि १९६८ ला न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला, ४३ मध्ये ६. तेव्हा बापू पस्तिशीला आले होते. ती टेस्ट आपण आठ विकेटने जिंकलो, आणि ती सीरिज म्हणजे भारताने परदेशात जिंकलेली पहिलीच सीरिज. १९७१ चं वेस्ट इंडिज आणि इंग्लंड सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या तीन वर्षं आधीचं न्यूझीलंड कोणाला विचाराल तर ‘हो का?’ म्हणतील. मीही परवापर्यंत तेच म्हटलं असतं.

बॅटिंगचं तर मला काहीच माहीत नव्हतं. कानपूर, फेब्रुवारी १९६४, त्याच कंटाळवाण्या इंग्लंड सीरिजची शेवटची टेस्ट. इंग्लंडने ८ बाद ५५९ वर डाव सोडला, आपल्यावर फॉलोऑन आला. बापू पहिल्या इनिंगमध्ये नाबाद ५२ आणि दुसऱ्यात नाबाद १२२. म्हणजे त्या मॅचमध्ये इंग्लंडला हा माणूस आऊटच करता आला नाही. १९५५ ला दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध पहिली टेस्ट खेळले तीच मुळी विनू मंकडना विश्रांती दिली म्हणून, आणि तिथेही नाबाद ६८. फर्स्ट क्लासमध्ये ८,८८० रन, १४ शतकं, सर्वोच्च नाबाद २८३, आणि वर बरोब्बर ५०० विकेट. हेल्मेट नसलेल्या काळात बॅट्समनच्या तोंडाशी उभे राहून फिल्डिंग करायचे ते वेगळंच. असा ऑलराउंडर आज असता तर ऑक्शनमध्ये मालकांची डोकी फुटली असती. आणि आपण त्यांना कशासाठी ओळखतो? रन न देण्यासाठी.

मला सगळ्यात मजा कशाची वाटली सांगू? त्या मद्रास टेस्टचीच. ती २१ मेडनवाली. त्या मॅचला दुसरी इनिंगही होती, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या इनिंगमध्ये बापूंनी फक्त सहा ओव्हर टाकल्या. ६-४-६-२. सहा ओव्हर, सहा रन, दोन विकेट. पहिल्या इनिंगच्या बत्तीस ओव्हरमध्ये जे मिळालं नाही ते इथे सहांत मिळालं. ही ओळ कुठल्याच क्विझमध्ये विचारत नाहीत.

आणि त्याच पहिल्या इनिंगमध्ये दुसऱ्या टोकाने कोण होतं? पुन्हा चंदू बोर्डे, ८८ रनमध्ये ५ विकेट. आता बापूंच्या बाजूने काही मिळत नाही म्हणून बॅट्समन बोर्डेंवर धावून गेले आणि आऊट झाले, असं मी ठासून सांगणार नाही. बोर्डेंनीही ६७ ओव्हर टाकून त्यातल्या ३० मेडन टाकल्या होत्या, म्हणजे त्यांच्यावरही कोणी फारसं धावून गेलेलं दिसत नाही. पण एका टोकाचा नळ घट्ट बंद असला की दुसऱ्या टोकाला काहीतरी होतंच. त्याची नोंद करायला स्कोअरकार्डात रकाना नाही. बास्केटबॉलमध्ये निदान ‘असिस्ट’ तरी लिहितात.

बाय द वे, मेडनचाही एक उपप्रकार आहे. १९५७ ला डर्बनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डने इंग्लंडला लागोपाठ १३७ बॉल रन दिले नव्हते. बापूंपेक्षा सहा जास्त! पण तिकडे तेव्हा आठ बॉलची ओव्हर होती, त्यामुळे मेडन मोजल्या तर बापू पुढे आणि बॉल मोजले तर टेफील्ड. बाबांना हे मी सांगणार नाहीये. वय झालंय त्यांचं.

घरी पोहोचले तेव्हा सव्वानऊ झाले होते. जेवण गरम करता करता लॅपटॉप उघडला. बापूंसाठी नाही. मौनीबाबासाठी.

डेटावाल्याचा प्रश्न तसाच उचलून टाकला. तिकिटं किती बंद केली ते जाऊ दे, मुळात आली किती? आणि कुठल्या मॉड्यूलवर? मौनीबाबाकडे रात्रीच्या बिलिंग बॅचचं मॉड्यूल आहे. दीड वर्षापूर्वी ते दुसऱ्याकडे होतं तेव्हा महिन्याला चाळीसेक तिकिटं यायची. आता चार. कधी पाच. पोराने आल्या आल्या तीन महिने गपचूप बसून कोडमधलं कुठलंतरी जुनं भगदाड बुजवलं होतं. त्या तीन महिन्यांत त्याचा आकडा सगळ्यात वाईट, आणि त्यानंतर तिकिटंच नाहीत म्हणून आकडा वाईट. बंद करायला काही उरलंच नाही, तर तो बंद काय करणार?

मग मी आमच्या टॉपरचं पान उघडलं. महिन्याला साठ-साठ तिकिटं. त्यातली अर्धीअधिक एकच. दर मंगळवारी सर्व्हर अडकतो, हा रीस्टार्ट मारतो, तिकीट बंद. पुढच्या मंगळवारी परत. लंबूला दुसऱ्या दिवशी सांगितलं तर म्हणाला, याला बास्केटबॉलमध्ये स्वतःच शॉट चुकवून स्वतःच रिबाउंड घेणं म्हणतात, असले खेळाडू प्रत्येक टीममध्ये असतात आणि त्यांचा फोटो पेपरात छापून येतो.

नाही, पण न्याय दोन्हीकडे पाहिजे. टॉपर वाईट मुलगा नाही. रात्री तीनला फोन केला तरी उचलतो, क्लायंट त्याच्यावर खूश आहे, आणि मंगळवारचा तो सर्व्हर दुरुस्त करायला त्याला वेळ मी कधी दिला? त्याला मीच तर साठच्या आकड्यावर शाबासकी देत होते. आणि मौनीबाबाही काही संत नाही. सेल्फ अ‍ॅप्रेझलमध्ये ‘या वर्षातली तुमची प्रमुख कामगिरी’ या रकान्यात त्याने लिहिलंय, ‘बॅच चालते.’ दोन शब्द! अरे बाबा, चालते तर चालते, पण कशी चालायला लागली ते तरी लिही. स्वतःच्या मेडनसुद्धा मोजून द्यायला तयार नाही हा माणूस. शिवाय काही नवीन काम अंगावर पडलं की त्याला सतरा ओव्हर लागतात, हेही खरंच आहे. घाईच्या वेळी मी त्याला बॉल देणार नाही.

पण ‘सुधारणेला वाव’? तो रकाना मी पुसला. तीन ओळींच्या जागेत बारा ओळी लिहिल्या, दीड वर्षाचा तक्ता जोडला आणि मॅनेजरकडे गेले. आमचा मॅनेजर शहाणा माणूस आहे, त्याने सगळं शांतपणे वाचलं. ‘गुड पॉइंट’ म्हणाला. मग खुर्ची मागे रेलून म्हणाला, ‘मग वाव कोणाला देतेस? सातात एक लागेलच.’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही. शुक्रवारी संध्याकाळी सिस्टीम लॉक होते. हे मी बुधवारी रात्री लिहितेय. सहा फॉर्म भरून झालेत. सातवा कोणाचा हे तुम्हाला सांगणार नाही, कारण आमच्या ऑफिसात हे साप्ताहिक रिसेप्शनवर ठेवलेलं असतं. एवढंच सांगते की मी सगळ्यांची पानं उलटून उलटून पाहतेय आणि एकाही पानावर वाव सापडत नाहीये. मौनीबाबाला यातलं काही माहीत नाही. आज सकाळी लिफ्टमध्ये भेटला, मी ‘कसं काय?’ विचारलं, तर मान हलवली आणि तिसऱ्या मजल्यावर उतरला.

बापू जाऊन काही वर्षं झाली. १७ जानेवारी २०२०, मुंबईत. त्या दिवशी बाबांचा फोन आला होता आणि मी मीटिंगमध्ये होते म्हणून कट केला होता. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांमध्ये सगळीकडे तेच, सलग २१ निर्धाव षटकं टाकणारे. वेलिंग्टनचं नाव शोधावं लागत होतं. सुनील गावसकरांनी त्या वेळी सांगितलं होतं की बापूंचा आवडता शब्दप्रयोग होता ‘छोडो मत’. बाबांनी ते कात्रण जपून ठेवलंय.

आज रात्री मी बाबांना फोन केला. आधी त्यांचं बीपी, मग आईचा गुडघा, मग गॅसवाल्याने केलेला उशीर, असा नेहमीचा अजेंडा झाला. मग मी म्हटलं, ‘बाबा, बापूंबद्दल बोलायचं होतं.’

‘ड्रॉ झाली, विकेट शून्य, मला माहितीये.’

‘नाही हो. ऐका ना. मला वाटतं तुम्ही चुकीच्या गोष्टीसाठी त्यांना मोठं म्हणत होतात.’

पलीकडे शांतता. मग मी सगळं सांगितलं. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अकरा, दसऱ्याची टेस्ट, कानपूर, वेलिंग्टन. बाबांना यातलं बरंच माहीत होतं. मुंबईची दसऱ्याची टेस्ट त्यांनी त्याच रेडिओवर ऐकली होती. म्हटलं, मग मला हे का नाही सांगितलं कधी? तर म्हणाले, ‘अगं, एकवीसचं लक्षात राहायला सोपं. बाकीचं सांगायला बसलो असतो तर तू ऐकलं असतंस?’

नसतं ऐकलं. खरं आहे.

मग मी त्यांना शेवटचं सांगितलं, मद्रासची दुसरी इनिंग. सहा ओव्हर, चार मेडन, सहा रन, दोन विकेट.

‘कुठल्या मॅचला?’

‘त्याच. एकवीसवाल्या.’

‘दुसऱ्या इनिंगला?’

‘हो.’

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. आई मागून विचारत होती, ‘काय शोधताय एवढ्या रात्री?’

‘पेन,’ बाबा म्हणाले. आणि मग मला, ‘हं, परत सांग. सावकाश.’